आरएक्स-८ मध्ये पेट्रोल कुठलं घालायचं? सोलापूरच्या गॅरेजमधल्या नोंदी

३ मार्च २०२५

गाडी टोचन लावून आली. माझदा आरएक्स-८, २००४ सालची, सहा गिअरची. होटगी रोडवरच्या मालकांचे थोरले बंधू सिंगापूरहून कायमचे परतले तेव्हा सामानाबरोबर ही आली. बंधू आता पुण्यात असतात, गाडी इकडे शेडमध्ये कव्हरखाली. कोविडच्या आधी कधीतरी शेवटची चालली म्हणतात. कव्हर काढलं तर रंग अजून झकास. आत एसीच्या फिल्टरमध्ये मात्र उंदरांनी संसार थाटलेला.

मालकांचा पहिला प्रश्न इंजिनचा नव्हताच. "अण्णा, ह्यात पेट्रोल कुठलं घालायचं ते आधी सांगा. पोरगं म्हणतंय शंभर ऑक्टेनशिवाय ह्याला हात लावायचा नाही. साधं घातलं की सील फुटतात म्हणे."

म्हटलं, मालक, आधी जुनं बाहेर काढू, मग नवं कुठलं ते बघू.

मागची सीट उचलली की पंपाचं झाकण सापडतं. ते उघडलं तेव्हा पेट्रोलचा वास आलाच नाही, सुताराकडच्या व्हार्निशचा आला. काढलेलं काचेच्या बरणीत धरून उन्हात पाहिलं: तांबूस, आणि बरणी तिरकी केली की तळाला पाण्याचे दोन-तीन गोळे घरंगळतात. टाकी पूर्ण रिकामी केली. पंपाची जाळी काळी पडलेली, पंप नवा घालायचा. हा खर्च टाळण्यासारखा नाही, मालकांना आजच सांगून टाकला.

५ मार्च

पेट्रोलवर डोकं चालवण्याआधी इंजिनात जीव आहे का ते पाहणं भाग होतं. ह्या गाडीत पिस्टन नाहीत, दोन तिकोनी रोटर फिरतात, म्हणून इंजिन रोटरी. रोटरीचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, आपल्या नेहमीच्या गेजवर सरळ कळत नाही. एका रोटरला तीन बाजू, प्रत्येक बाजू म्हणजे एक स्वतंत्र खोली. साधा गेज तिघींपैकी जी सगळ्यात दमदार तिचाच आकडा धरून ठेवतो आणि बाकी दोघींचं दुखणं झाकतो. म्हणून गेजच्या तोंडातला व्हॉल्व्हचा दाणा काढला आणि काटा उडताना मोबाईलवर शूटिंग केलं. हळू चालवून पाहिलं: टक, टक, टक, तिन्ही उड्या जवळपास सारख्या. मागच्या रोटरच्या एका बाजूची उडी जरा आखूड.

माझदाच्या पुस्तकात ह्या इंजिनाला २५० आरपीएमवर ८३० किलोपास्कल हे नव्याचं माप आणि ६८० ही खालची मर्यादा दिलेली आहे. दाणा काढलेल्या गेजवर नेमका आकडा मिळत नाही, पण उड्यांच्या उंचीवरून इंजिन मर्यादेच्या वर आहे एवढं खात्रीने म्हणता येतं. एपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या, शाबूत. पोराला वाटत होतं ते फुटलेले असणार.

प्लगला ठिणगी देणाऱ्या इग्निशन कॉइल चारही बदलायच्या. आरएक्स-८ चं हे जुनं दुखणं आहे. कॉइल कमजोर झाली की न जळलेलं पेट्रोल कॅटलिस्टमध्ये, म्हणजे एक्झॉस्टमधल्या धूर साफ करणाऱ्या जाळीत, जाऊन जळतं, कॅटलिस्ट चोंदतो, उष्णता मागे इंजिनावर येते आणि मग लोक पेट्रोलला शिव्या घालतात.

८ मार्च

आता ऑक्टेन. रात्री निवांत बसून लिहितोय, कारण मालकांच्या पोराशी ह्यावर फोनवर बराच वेळ झाला आणि त्याच्या डोक्यातला गोंधळ इतर बऱ्याच जणांच्याही डोक्यात असतो.

पहिला घोळ आकड्यांचा. अमेरिकन पंपावर ८७, ८९, ९१ असे आकडे असतात. आपल्याकडे ई२० येईपर्यंत साध्याला ९१ धरायचे, त्यावर ९५ आणि १००. दोन्ही ऑक्टेनच, पण मोजायची पट्टी वेगळी. आपण रिसर्च ऑक्टेन नंबर म्हणजे रॉन छापतो. अमेरिकेत रॉन आणि मोटर ऑक्टेन ह्यांची सरासरी छापतात आणि ती चार-पाचने खाली येते. म्हणजे तिकडचं ८७ हे साधारण आपलं ९१-९२, आणि तिकडचं ९१ म्हणजे आपलं ९५-९६. "अमेरिकेत माझदा ९१ सांगते" असं वाचून आपल्याकडचं ९१ घालणारा एक चूक करतो. "९१ म्हणजे तिकडे सगळ्यात भारी, म्हणून आपल्याकडेही सगळ्यात भारी हवं" असं धरून १०० मागे धावणारा दुसरी करतो. ह्या गाडीच्या पुस्तकात रॉन ९५ लिहिलंय. विषय तिथेच अर्धा संपतो.

उरलेला अर्धा असा की ९५ का, आणि कमी पडलं तर काय होतं.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली आपोआप पेट न घेण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन. इंजिनाला जेवढी लागते त्यापेक्षा जास्त घातली म्हणून पिकअप वाढत नाही. असं अवेळी आपोआप पेटून टकटक होणं म्हणजे नॉकिंग. पिस्टनच्या इंजिनात ते कुठून सुरू होतं? बहुतेक वेळा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या लालभडक तोंडापाशी, किंवा ज्योत पोचायच्या आधी कोपऱ्यात दाबल्या गेलेल्या वायूत. रोटरीत एक्झॉस्ट व्हॉल्व्हच नाही. हवा आत घेण्याची जागा आणि जाळण्याची जागा हाउसिंगमध्ये, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचात, वेगवेगळ्या बाजूंना, त्यामुळे आत येणाऱ्या थंड मिश्रणाला तापलेलं लोखंड भेटत नाही. म्हणूनच माझदाने ह्याच आरएक्स-८ चं हायड्रोजनवर चालणारं रूप २००६ मध्ये जपानात भाड्याने दिलं. हायड्रोजन तर बोट दाखवलं तरी पेटणारा वायू, पण रोटरीत तो अवेळी पेटायला गरम जागा कमी.

शिवाय जाळण्याची खोली लांबट, चपटी आणि रोटरबरोबर सरकणारी. ज्योत मागच्या टोकापर्यंत धड पोचत नाही, म्हणून एका रोटरला दोन प्लग: खालचा लीडिंग आधी, वरचा ट्रेलिंग नंतर. ही रोटरीची खोड आहे, धुरात न जळलेलं पेट्रोल जास्त निघतं, अॅव्हरेज बोंबलतं. पण नॉकिंगच्या बाबतीत तीच खोड पथ्यावर पडते. बिनटर्बोची रोटरी सहसा नॉक करत नाही.

मग सील फुटायच्या गोष्टी येतात कुठून? टर्बोवाल्या आरएक्स-७ कडून. १९९१ ते २००२ ची जी शेवटची आरएक्स-७, तिच्या १३बी-आरईडब्ल्यू इंजिनाचं कॉम्प्रेशन ९:१ च आहे, आपल्या आरएक्स-८ च्या रेनेसिस इंजिनाच्या १०:१ पेक्षा कमी. पण वरून दोन टर्बो हवा कोंबतात. तिथे एकदा जरी जोरात नॉक झालं तरी दोन मिलिमीटर जाडीचा एपेक्स सील तडकतो, तुकडा हाउसिंग खरवडत एक्झॉस्टमधून बाहेर. त्या गाडीवाल्याने ऑक्टेनमध्ये काटकसर करूच नये. आपली गाडी ती नव्हे. पोराला हे तीनदा समजावलं, चौथ्यांदा म्हणाला, "तरी पण काका, शंभर चांगलंच ना?"

१२ मार्च

आजचं काम माझ्या आवडीचं. ऑक्टेनपेक्षा मला काळजी इथेनॉलची होती. ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, फेब्रुवारी २०२३ मध्ये पंपांवर यायला लागलं आणि आता कुठल्याही पंपावर गेलं तरी तेच मिळतं. आरएक्स-८ च्या काळातल्या माझदाने मान्यता दिली ती १० टक्क्यांपर्यंत. तेव्हा नळीतून येतंय ते नक्की काय आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं ठरवलं.

१०० मिलीचं उभं काचेचं मोजपात्र आणलं. त्यात १० मिली पाणी, पाण्यात जिलेबीच्या रंगाची चिमूट, म्हणजे रेघ स्पष्ट दिसते. वर ९० मिली पेट्रोल. तोंडावर बूच, बाहेर अंगणात, शेगडी-वेल्डिंग सगळं बंद. एकदा, दोनदा उलटंपालटं केलं आणि ठेवून दिलं. पेट्रोलला पाणी नको असतं, इथेनॉलला पाण्याचं भारी प्रेम. ते पेट्रोल सोडून खाली पाण्यात उतरतं. आधी सगळं गढूळ, मग वरून खाली नितळत येतं, आणि रंगीत थर हळूहळू चढतो: १२, १८, २४. शेवटी रेघ २७ च्या जवळ थांबली. ९० मिलीत २० टक्के म्हणजे १८ मिली इथेनॉल, आणि १० मिली पाणी. बेरीज २८. मिसळताना थोडं आकसतं आणि थोडं इथेनॉल वरच राहतं, तेवढी घट धरली तर हिशोब चोख.

पंपावरचं ९५ चं प्रीमियम तपासलं. रेघ तिथेच! म्हणजे जास्तीचे पैसे देऊन इथेनॉल कमी होत नाही.

हेल्परने विचारलं, "अण्णा, मग हे इथेनॉल येतंय कुठनं?" म्हटलं, "काय बे, अख्ख्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी अडकून शिव्या देतोस की नाही? तिथनंच." जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही. मळी आंबवून, गाळून, पाणी काढून टाकलं की इथेनॉल. मग तेल कंपन्यांच्या डेपोत पेट्रोलमध्ये मिसळतं आणि टँकरने पंपावर. मालकांचाही ऊस जातो. त्यांना हे सांगितलं तर खूश झाले, "म्हणजे आपलंच आपल्या टाकीत!" आता त्यांना इथेनॉलविरुद्ध काही सांगणं अवघड झालंय.

१५ मार्च

इथेनॉलमुळे काय बदलतं ते कागदावर मांडलं.

शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे जुन्या हिशोबाने पेट्रोल सोडलं तर इंजिन आठ-नऊ टक्के कोरडं, म्हणजे पेट्रोल कमी पडून, चालणार. कार्बोरेटरच्या गाडीत जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, बदलल्याशिवाय सुटका नाही. १९७८ च्या पहिल्या आरएक्स-७ मध्ये कार्बोरेटरच होता, ती असती तर आज जेट शोधत बसलो असतो. आरएक्स-८ मध्ये इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर, त्यामुळे कॉम्प्युटर आपणहून जास्त सोडतो. अॅव्हरेज मात्र घटणारच. लिटरमागे उष्णता सहा-सात टक्के कमी, ती कुठल्या सेन्सरने भरून येत नाही.

उलट बाजूने इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या घरात. मिश्रणाचा आकडा त्यामुळे वर सरकतो, साध्या ई२० चा आता ९५ सांगितला जातो. म्हणजे पुस्तकात मागितलेलं ९५ आपल्याला साध्या नळीतूनच मिळतंय. पोराचा अर्धा प्रश्न कारखान्याने सोडवला!

खरी भीती रबराची आणि पाण्याची. जुन्या नायट्राइल रबराच्या नळ्या इथेनॉलमध्ये फुगतात, मग चिरतात. पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या, इंजेक्टरच्या ओ-रिंगा, पंपाच्या झाकणाचं पॅकिंग, सगळं व्हिटॉनचं, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं, घालतोय. नळी घेताना बाहेर ३०आर९ छापलेलं बघून घ्यायचं. दुकानदार ३०आर७ पुढे करतो, दिसायला सेम टू सेम, आतलं अस्तर वेगळं. मुंबईहून मागवली, दोन दिवस गाडी लिफ्टवरच.

१९ मार्च

टूटी तेल, म्हणजे टू-स्ट्रोक गाड्यांच्या पेट्रोलात मिसळतात ते.

रोटरीला सीलवर तेल लागतं. कारखान्यातूनच एक छोटा पंप इंजिनचं तेल थेंबाथेंबाने हाउसिंगमध्ये सोडतो आणि ते तिथेच जळतं. त्यामुळे रोटरी तेल "खाते", तो रोग नव्हे, रचना आहे. दर दुसऱ्या-तिसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायची, एवढी सवय मालकाने लावून घ्यायची. पण ते इंजिनचं तेल जळण्यासाठी बनलेलं नसतं, राख ठेवतं. शिवाय पंपाच्या बारीक प्लॅस्टिक नळ्या ह्या वयात कडक होऊन तडकतात. एक नळी हातात घेताच मोडली, दोन्ही बाजू नव्या घातल्या. म्हणून जगभरचे रोटरीवाले पेट्रोलमध्ये थोडं टू-स्ट्रोक तेल मिसळतात. स्वच्छ जळतं आणि सीलला पेट्रोलबरोबर थेट मिळतं.

विजापूर वेशीतल्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. मामांनी आयुष्यभर येझदी, लुना आणि आरएक्स-१०० केल्या. माप विचारलं तर म्हणाले, "लिटरला एक झाकण, अजून काय." रोटरीत एवढं नको. दोनशेला एक, म्हणजे लिटरला पाच मिली, मी एवढ्यावर थांबतोय. मूळ पंप चालू आहेच, हे वरचं.

पण प्रश्न होता की हे तेल ई२० मध्ये विरघळतं का. सगळी टूटी तेलं पेट्रोलसाठी बनली, इथेनॉलशी सगळ्यांचं जमत नाही. तीन कंपन्यांची तेलं आणली, तीन पारदर्शक बाटल्यांत ई२० आणि दुपटीच्या मापाने तेल, हलवून रात्रभर सोडलं. सकाळी दोन बाटल्या एकसारख्या निळसर. तिसरीत पेट्रोल वर पांढरं स्वच्छ, आणि बुडाला हिरवी चिकट कड बसलेली. बाटली उलटी केली तरी ती सावकाश सरकत होती. हे टाकीत झालं असतं तर पंपाने आधी नुसतं तेल ओढलं असतं. ती कंपनी बाद. उरलेल्या दोघांत जासो एफडी ही दर्जाची खूण छापलेलं घेतलं, धूर कमी.

मामांना बाटली दाखवायला नेली. चष्मा वर करून बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "म्हणून आताशा लुना अडकायल्यात होय."

२२ मार्च

चालू झाली. पाच लिटर ताजं साधं पेट्रोल, त्यात २५ मिली तेल. चार नवे प्लग: लीडिंगला आरई७सी-एल, ट्रेलिंगला आरई९बी-टी. हे अदलाबदल करायचे नाहीत, उष्णतेची पट्टी वेगळी. आधी अॅक्सिलरेटर तळाला दाबून सेल्फ मारला. असं केलं की कॉम्प्युटर पेट्रोल बंद ठेवतो, नुसती हवा फिरते आणि तेलाचा दाब येतो. मग पाय काढून सेल्फ. पांढरा धूर, गल्लीत लोक जमा, आणि मग तो शिवणयंत्रासारखा आवाज.

थंड इंजिन चालू करून लगेच बंद केलं की रोटरी हमखास पेट्रोलने भिजते आणि पुन्हा उठत नाही. मालक लगेच "बंद करा, पेट्रोल जातंय" म्हणाले. गरम होईपर्यंत हात लावू दिला नाही.

स्कॅनर लावला. कॉम्प्युटर आपणहून पेट्रोल किती टक्के कमी-जास्त सोडतो ती दुरुस्ती त्यावर दिसते. पहिल्या तासाभरात तात्पुरती दुरुस्ती वर-खाली उड्या मारत होती. संध्याकाळपर्यंत विजापूर रोडवर दोन फेऱ्या झाल्यावर कायमची दुरुस्ती अधिक ९ वर येऊन बसली. कागदावर आठ-नऊच काढलं होतं. कॉम्प्युटरला २५ पर्यंतची मोकळीक असते, त्याच्या पुढे गेलं की दिवा लावतो. म्हणजे ई२० वर चालणं ह्या गाडीच्या आवाक्यात आहे. मर्यादेजवळ तर मुळीच नाही.

३० मार्च

पाडवा. मालकांना तुळजापूरला जायचं होतं, हार घालून निघाले, मी शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन. गर्दी होती, तरी घाटात दोनदा मोकळा रस्ता मिळाला. साध्या पेट्रोलवर तिसऱ्या गिअरमध्ये सात हजारांच्या पुढे, कुठे टकटक नाही. नॉकिंग झालं की कॉम्प्युटर इग्निशनचं टायमिंग मागे सरकवतो, तसंही दिसलं नाही. ह्या इंजिनाची लाल रेघ ९००० ला आहे. तिथवर न्यायला मालकांना घरच्यांनी मनाई केली, ती योग्यच.

अॅव्हरेज विचारू नका. विचारलं तर आठच्या आसपास.

१३ एप्रिल

पारा ४२ ला टेकतोय. खरी परीक्षा आता. नॉकिंग गरम हवेतच डोकं वर काढतं.

त्याच घाटात, दुपारी दोनला, एसी लावून, एकदा साधं आणि टाकी जवळजवळ रिकामी करून एकदा ९५ चं प्रीमियम. दोन्ही वेळा एकाच वळणापासून तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाब. स्कॅनरवरचे टायमिंगचे आलेख एकावर एक ठेवले तर कुठला कशाचा ते मला ओळखता आलं नाही. येणारही नव्हता. दोन्ही ९५ च, दोन्हीत इथेनॉल सारखंच. प्रीमियममधल्या साफसफाईच्या औषधाला किंमत आहे, पण आमचे इंजेक्टर नुकतेच धुतलेत. मालकांना सांगितलं, लिटरमागे ते जास्तीचे पैसे वाचवा, त्यात तेल बदला. रोटरीला ताज्या इंजिन ऑइलचा उपयोग महागड्या पेट्रोलपेक्षा कैक पटीने जास्त.

पंप कुठला, हे मात्र महत्त्वाचं. हायवेवरचा, जिथे रोज टँकर उतरतो असा निवडायचा. आडबाजूच्या पंपावर आठवडा-आठवडा साठून राहिलेलं ई२० नको, त्याला जमिनीखालच्या टाकीत ओल मिळाली की संपलं. आणि टँकर उतरत असताना भरायचं नाही, तळाचा गाळ ढवळलेला असतो.

२७ एप्रिल

शंभरचा विषय शेवटी आलाच. इंडियन ऑइलचं एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये दहा शहरांत आलं, पुणे त्यात आहे. इथे ज्या पंपांवर विचारलं तिथे नकार मिळाला. बंधूंनी पुण्याहून अॅल्युमिनियमच्या बाटलीतून लिटरभर नमुना पाठवला. मोजपात्रात घातलं, रंगीत पाणी, उलटंपालटं. रेघ १० वर होती, १० वरच राहिली.

तेव्हा माझं मत बदललं नाही, पण टोकदार झालं. ह्या पेट्रोलचे लिटरला दीडशेच्या वर रुपये आपण शंभर ह्या आकड्यासाठी द्यायचे नाहीत. आकड्याचा ह्या इंजिनाला उपयोग नाही. द्यायचे असतील तर आत इथेनॉल नाही ह्यासाठी, आणि तेही गाडी उभी राहणार असेल तेव्हाच. चालत्या गाडीत ई२० आठ-पंधरा दिवसांत जळून जातं, त्याला बिघडायला वेळच मिळत नाही. उभ्या गाडीत ते हवेतली ओल ओढतं, एका हद्दीनंतर पाणी-इथेनॉलचा थर तळाला बसतो, आणि पंपाचं तोंड तळालाच असतं. ३ मार्चला बरणीत घरंगळणारे गोळे त्यातलेच, जरी ते पेट्रोल ई२० च्या आधीचं, कमी इथेनॉलचं होतं.

मालकांचा बेत होता पुण्याहून दोनशे लिटरचं बॅरल आणायचा. म्हटलं, अजिबात नको. पेट्रोलियम कायद्याने परवान्याशिवाय खाजगी वापराला तीस लिटरपर्यंतच ठेवता येतं, तेही धातूच्या भांड्यात, आणि एक भांडं पंचवीस लिटरपेक्षा मोठं नको. प्लॅस्टिकचा कॅन तर नावच काढू नका. आणि कायद्यात बसतं म्हणून मे महिन्यात बंद डिकीत पंचवीस लिटर पेट्रोल घेऊन अडीचशे किलोमीटर यायचं? माझ्या गाडीत मी आणणार नाही.

पोराने मग अक्कल लढवली, "काका, गाडीच पुण्याला नेली तर?" शाबास! रिकामी टाकी नेऊन तिथे साठेक लिटर भरायचं. परतीच्या रस्त्याला तीसच्या आसपास लागतं. सोलापुरात पोचेल तेव्हा अर्धी टाकी बिनइथेनॉलची, आणि नळ्या-इंजेक्टरही त्यानेच धुऊन निघालेले.

११ मे

प्लग काढून पाहिले. लीडिंग दोन्ही फिक्या बदामी, कडा स्वच्छ. ट्रेलिंगवर किंचित काजळी, ती असतेच. तेलाची ओल कुठेच नाही, म्हणजे लिटरला पाच मिली बरोबर बसलं. नळ्यांचे सांधे कोरडे. कायमची दुरुस्ती अजून अधिक ८-९.

पुण्याच्या एका मुलाचा फोन आला, त्याच्याकडे टर्बोवाली आरएक्स-७ आहे. "तुम्ही साधं घालता ना, मग मीपण घालू?" त्याला स्पष्ट सांगितलं, नाही. तू शंभरच घाल, आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवला असेल तर ट्यूनरला विचारल्याशिवाय पंपावरसुद्धा जाऊ नकोस.

२६ मे

ह्या वर्षी मे महिन्यातच पावसाने ठाण मांडलंय. मालकांनी घाई करून मागच्या आठवड्यात पुण्याची फेरी उरकली, शंभर भरून आले. परतल्यावर मोजपात्राची परीक्षा पुन्हा केली, टाकीतून नमुना काढून. रेघ ११ वर. तळाला ई२० चं जे काही तीन-साडेतीन लिटर उरलं होतं त्याचा तो एक. चालेल.

शेडमध्ये लावण्याआधी वीस मिनिटं चालवून पूर्ण गरम केली, मग बंद. बॅटरीला ट्रिकल चार्जर. टाकीचं झाकण नव्या रबरासह. पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढायची, आणि काढली तर निदान गावाबाहेर बाळ्यापर्यंत जाऊन यायचं, दारातल्या दारात सुरू करून बंद करायची नाही.

ड्रायव्हरच्या हातात कागद लिहून दिलाय, तसाच इथे उतरवतो: चालती असेल तर हायवेच्या पंपावरचं साधं, एका वेळी वीस लिटर, त्यात शंभर मिली निळं तेल, आधी तेल मग पेट्रोल. प्रीमियम नको. दसऱ्यानंतर शंभर संपलं की पुन्हा साधं. डिपस्टिक प्रत्येक दुसऱ्या भरणीला.

कॉइलचं बिल मालकांकडून अजून यायचंय.